विकतचं ऊन

"आपल्या बायका गोऱ्या व्हायला धडपडतात आणि गोऱ्यांच्या देशातल्या बायका काळ्या व्हायला!" आपल्या शिबिरांत सौंदर्याच्या कल्पनांवर चर्चा सुरू झाली की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. सगळ्या हसतात, तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथंच संपतो. हसायला माझी हरकत नाही. पण त्या हसण्यात आपण त्या दुसऱ्या बाईला फार स्वस्तात निकालात काढतो, असं मला नेहमी वाटत आलंय. ती कोण, काय काम करते, पैसे मोजून अंग का भाजून घेते, हे आपण विचारत नाही. गोरी आहे म्हणजे चैन करत असणार, असं धरून चालतो.

भाचीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने इंग्लंडच्या उत्तर भागात, लिव्हरपूलजवळच्या एका गावात राहिले. भाची तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या गल्लीच्या टोकाला एक लाँड्री, एक सट्ट्याचं दुकान, एक तळलेल्या माशांचं दुकान आणि दोन टॅनिंग सलून. ताजी भाजी आणायची तर बस पकडावी लागे, पण ऊन मात्र कोपऱ्यावर मिळत होतं. हा योगायोग नाही. इंग्लंडात जिथं गरिबी जास्त तिथं अशी सलूनंही दाट आहेत, हे तिथल्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सनबेड म्हणजे माणसाच्या लांबीची एक पेटी. खाली काच, वर झाकण, आणि दोन्हीकडे ट्यूबलाइटसारख्या दिसणाऱ्या नळ्या. त्यांतून अतिनील किरण निघतात. कपडे काढायचे, डोळ्यांवर चिमुकला काळा चष्मा लावायचा, आत पडायचं आणि झाकण ओढून घ्यायचं. काही ठिकाणी उभं राहायची कपाटं असतात. दर मिनिटावर. एकदम साठ मिनिटं विकत घेतली तर स्वस्त पडतात, मग लागतील तशी वापरायची, आपल्या मोबाइलच्या रिचार्जसारखी.

शेजारी राहणारी बाई आठवड्यातून दोनदा तिथं जायची. चाळिशीच्या आसपासची, दोन मुलं, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात रात्रपाळीचं काम. मी भाचीला म्हटलं, "हिला कुणी सांगत नाही का गं, यानं कॅन्सर होतो म्हणून?"

"मावशी, तिला सगळं माहीत आहे," भाची म्हणाली. "आणि तिला अक्कल नाही असं समजू नकोस. तूच विचार ना तिला."

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि भाचीच्या मदतीनं मी विचारलं. ती रंगाबद्दल बोलेल अशी माझी अपेक्षा होती. ती आधी कडीबद्दल बोलली. खोलीला आतून कडी असते. बारा मिनिटं कुणी हाक मारत नाही. मुलं नाहीत, घंटी वाजवणारे म्हातारे नाहीत, फोन बाहेर पर्समध्ये. अंग गरम होतं. डिसेंबरात तिथं दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणारीला तो दिसतच नाही. घरातला हीटर तर बिलाच्या धाकानं दिवसातून दोनच तास लागतो. मग सांगता सांगता ती रंगावर आली. पांढरीफटक असले की कामावर सगळे विचारतात, बरं नाही का? रंग आला की विचारतात, कुठं जाऊन आलीस? "कुठंच गेले नाही गेली सहा वर्षं," ती म्हणाली आणि खूप हसली. पहिल्यांदा तिला आईच घेऊन गेली होती, पंधराव्या वर्षी, मावसबहिणीच्या लग्नाआधी.

एका बाईचं बोलणं म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळतं. पण जिथं जिथं यावर अभ्यास झाले तिथं बायकांनी थोड्याफार फरकानं हीच कारणं दिली आहेत. चांगलं दिसणं, सगळ्याजणी करतात म्हणून, लग्न किंवा सहलीच्या आधी, ताण उतरावा म्हणून, मन बरं वाटावं म्हणून. आईबरोबर पहिल्यांदा गेलेल्या मुली पुढं जास्त वेळा जातात, असं अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसलं. इंग्लंडातली २००९ साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी तर हादरवणारी होती. साऱ्या देशात ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी साधारण ६ टक्क्यांनी सनबेड वापरलेला, आणि लिव्हरपूल व संडरलंड या दोन शहरांत १५ ते १७ वयाच्या मुलींपैकी जवळजवळ निम्म्या! दोन्ही बंदरांची, जहाजांच्या कामावर जगलेली आणि ते काम गेल्यावर खचलेली शहरं.

आता, मन बरं वाटतं हे तिचे नुसते लाड नाहीत. अतिनील किरण पडले की कातडीत एंडॉर्फिन नावाचं, अफूच्या जातीचं काम करणारं द्रव्य तयार होतं. २००६ मध्ये अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. नेहमी सनबेडवर जाणाऱ्या आठजणांना अफूचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर त्यांतल्या चौघांना मळमळ, थरथर अशी लक्षणं दिसली. व्यसन सुटताना होतात तशी. आठ म्हणजे फारच थोडी माणसं, पण २०१४ साली उंदरांवर झालेल्या मोठ्या प्रयोगानं त्याच दिशेला बोट दाखवलं. म्हणजे "इच्छा असेल तर सोडता येईल" असं तिला ऐकवण्याआधी, आपण दारू-तंबाखूबद्दल जे शिकलो ते आठवावं.

हा रंग पूर्वी तिथंही हलका मानत. शेतात राबणारी रापलेली आणि घरंदाज बाई छत्रीखाली, हा हिशेब युरोपात आपल्यासारखाच होता. मग कामकरी माणसं गिरण्यांत आणि खाणींत गेली, अंधारात राबून फिकट झाली. पोरांना मुडदूस होऊ लागला. ऊन हे औषध आहे, असं डॉक्टर सांगू लागले. कातडीच्या क्षयावर प्रकाशानं उपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन या डॉक्टरला १९०३ साली नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धानंतर श्रीमंतांनी समुद्रकिनारी उन्हात लोळायची फॅशन काढली. १९३५ मध्ये फ्रान्समध्ये 'आंब्र सोलेर' हे उन्हात लावायचं तेल निघालं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या कामगारांनी संप करून दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळवली. कामगारही समुद्रावर जाऊ लागला. तेव्हापासून तपकिरी कातडी म्हणजे 'मला सुट्टी मिळते' असं सांगणारी पाटी झाली. १९७० च्या दशकात फ्रीडरिश वोल्फ या जर्मन माणसानं दिव्यांच्या खाटा धंद्यासाठी बाजारात आणल्या. मग सुट्टी न घेताच पाटी मिळू लागली.

आपल्याकडं ऊन कधी सुट्टीचं झालंच नाही. ऊसतोडीच्या फडातली बाई, रस्त्यावर खडी टाकणारी, मिठागरातली. तिचा रंग तिच्या कष्टांची आणि बहुतेकदा तिच्या जातीचीही खूण म्हणून वाचला जातो. पुण्यातल्या मुली स्कूटरवर निघताना डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत बांधतात, ते धुळीसाठी आहेच, पण 'टॅन' होऊ नये म्हणूनही आहे. आणि ही दोन्ही उन्हं एका ठिकाणी बघायची असतील तर गोव्याला कळंगुटच्या किनाऱ्यावर जावं. शॅकच्या खाटांवर युरोपातून आलेल्या बायका अंगाला तेल लावून पडलेल्या असतात आणि त्यांच्यामधून लमाण बायका डोक्यावर पदर ओढून, खांद्यावर लुंग्या आणि माळा टाकून दिवसभर चालत असतात.

तर, रंगाला मी हसणार नाही. पण यंत्राबद्दल बोलायलाच हवं, कारण इथं गोष्ट जिवाशी येते.

कातडी तपकिरी होते ती आतल्या पेशींना इजा झाली म्हणून. अतिनील किरणांनी पेशीतल्या जनुकांची मोडतोड होते आणि पुढचा मार अडवायला शरीर रंगद्रव्य वर पाठवतं. 'निरोगी टॅन' असं ज्याला दुकानदार म्हणतात तो हा जखमेचा रंग आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे सनबेडची तीव्रता आपल्याकडच्या मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हापेक्षा जास्त नसावी. इंग्लंडात तपासणी केली तेव्हा दहातल्या नऊ यंत्रांनी ती मर्यादा ओलांडली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये सनबेडला तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीत, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींत बसवलं. पस्तिशीच्या आत सुरुवात करणाऱ्यांना मेलानोमाचा, कातडीच्या सर्वांत घातक कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असा २००६ चा हिशेब होता. पुढं जास्त अभ्यास हाताशी आल्यावर तो ६० टक्क्यांच्या आसपास निघाला. तोही थोडा नाही.

ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची तरुण मुलगी २००७ साली सव्विसाव्या वर्षी मेलानोमानं गेली. शेवटच्या आठवड्यांत तिनं वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून सांगितलं की एकोणिसाव्या वर्षी आपण सनबेडवर गेलो होतो, इतरांनी जाऊ नये. तिथल्या राज्यांनी आधी नियम कडक केले, मग २०१५ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक राज्यांनी सनबेडचा धंदाच बंद केला. पश्चिम ऑस्ट्रेलियानं २०१६ मध्ये. ब्राझीलनं तर २००९ मध्येच बंदी घातली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून अठराच्या आतल्या मुलांना मनाई आहे. अठराच्या वर ज्याचं त्यानं बघावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच भाषेत येतो. माझं शरीर, माझा निर्णय. सलूनवाल्यांच्या संघटनांनी हे वाक्य बरोबर उचललं आहे. ज्या घोषणेसाठी बायकांनी गर्भपाताच्या हक्काच्या लढाईत लाठ्या खाल्ल्या, ती आता मिनिटं विकायला वापरली जाते, याचा मला राग येतो. निर्णय तिचा म्हणायचा तर तिला खरं सांगायला हवं की नको? अमेरिकी संसदेच्या एका समितीच्या तपासनिसांनी गोऱ्यापान किशोरवयीन मुली असल्याचं भासवून ३०० सलूनांना फोन केले. २०१२ मध्ये अहवाल आला. दहातल्या नऊ सलूनांनी सांगितलं, काही धोका नाही. उलट तब्येतीला चांगलं, 'ड' जीवनसत्त्व मिळतं, असं सांगणारी पुष्कळ निघाली. आता 'ड' जीवनसत्त्व बनतं ते मुख्यतः ज्या लहरींनी, त्या या नळ्यांत थोड्या आणि रंग आणणाऱ्या लहरी भरपूर. उन्हाळ्याआधी थोडा रंग चढवून घेतला की पुढं कातडी भाजत नाही, हेही असंच पसरवलेलं. त्या रंगाचं संरक्षण अगदी नाममात्र असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बाईला शिक्षा नको, टोमणा नको, पण हे यंत्र भाड्यानं देण्याचा धंदा बंद व्हावा. ज्या देशांनी तो बंद केला तिथं बायकांचं कुठलं स्वातंत्र्य गेलं, हे मला कुणी दाखवलेलं नाही. बंदीनं हौस संपत नाही हेही खरं. रिओच्या उपनगरांत बायका अंगाला चिकटपट्टीची बिकिनी लावून गच्चीवर उन्हात पडतात, पट्टीखालची रेघ उठून दिसावी म्हणून, आणि ती व्यवस्था करून देणाऱ्याही बायकाच. ज्यांना फक्त रंग हवा त्यांनी फवाऱ्याचा लावावा. तो वरच्या मेलेल्या कातडीला चढतो आणि आठवड्याभरात जातो. ती काही मुक्ती नाही, पण त्यानं मेलानोमा होत नाही. मला चालेल.

एका गोष्टीवर मात्र माझं मन अजून ठरत नाही. तरुण मुलींना 'कॅन्सर होईल' म्हटलं तर त्या ऐकत नाहीत, 'सुरकुत्या पडतील, चेहरा खराब होईल' म्हटलं तर ऐकतात, असं प्रचार करणाऱ्यांना दिसून आलं आहे. खास कॅमेऱ्यानं चेहऱ्याचा फोटो काढून कातडीखालचे डाग दाखवले की मुली घाबरतात आणि सनबेड कमी करतात. जीव वाचत असेल तर करावं, असं माझ्यातली आरोग्य कार्यकर्ती म्हणते. पण कुरूप होण्याच्या ज्या भीतीनं ती त्या पेटीत शिरली, तीच भीती तिला बाहेर काढायला वापरायची? आणि चाळिशीत सुरकुत्या पडल्यावर तीच मुलगी कुठल्या दुकानात जाईल? यावर मैत्रिणींनी लिहावं.

आता त्या शिबिरातल्या वाक्याकडं येते. 'त्या काळ्या होतात, आपण गोऱ्या' असं म्हटलं की हिशेब सारखा वाटतो. तो सारखा नाही. माझ्या भाचीची शेजारीण सनबेडवरून आली की लोक विचारत, कुठं जाऊन आलीस? माझी भाची जन्मतःच त्या रंगाची. तिला नऊ वर्षं त्याच दवाखान्यात काम केल्यावरही पेशंट विचारतात, तू मूळची कुठली? शेजारणीचा रंग हळूहळू उतरतो आणि तिचं गोरेपण शाबूत राहतं. आपल्याकडच्या सावळ्या मुलीचा रंग म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमातला नकार, वाढलेला हुंडा, 'नाकीडोळी नीटस आहे हो' अशी दया.

हिशेब सारखा आहे तो विकणाऱ्याचा. 'फेअर अँड लव्हली' हिंदुस्थान लिव्हरनं १९७५ साली आणली. तिच्या मूळ कंपनीनं, युनिलिव्हरनं, पाश्चात्त्य देशांत 'डव्ह'च्या नावाखाली कातडी हळूहळू तपकिरी करणारं लोशन विकलं. इकडे उजळा, तिकडे रापा. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं २००२ मध्ये या क्रीमच्या जाहिरातींविरुद्ध राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. २००३ मध्ये सरकारनं त्यातल्या जाहिराती थांबवल्या. तो आपल्या चळवळीचा विजय होता. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. डबी तीच.

पण जाहिरातीवर लढताना आपलं लक्ष डबीच्या आत फारसं गेलं नाही. पारा असलेलं सौंदर्यप्रसाधन बनवायला आपल्याकडं बंदी आहे. तरी ती क्रीम विकली जातात, बहुधा लेबल नसलेल्या डब्यांतून. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं अशा क्रीममुळे बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. त्याच वर्षी केरळातल्या डॉक्टरांनी मलप्पुरम भागातले असेच रुग्ण नोंदवले. स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी औषधाच्या दुकानात 'डाग जायची ट्यूब' मागितली की मिळते. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात. सोडली की आणखी बिघडते, म्हणून बाई पुन्हा तीच लावते.

हे विकणाऱ्या शेवटच्या टोकाला अनेकदा एक बाईच असते. इंग्लंडातल्या त्या दोन सलूनांपैकी एक दोघी बहिणींनी कर्ज काढून टाकलेलं होतं. आपल्याकडं बचत गटातून पार्लरचा कोर्स करून उभी राहिलेली कितीतरी मुली-बायका आपणच घडवल्या आहेत. 'डी-टॅन' आणि 'व्हाइटनिंग' काढून टाक असं तिला सांगितलं तर ती विचारणार, मग ताई, भुवया कोरून दुकानाचं भाडं निघतं का? या प्रश्नाला पोस्टर हे उत्तर नाही.

म्हणून आमच्या गटानं तालुक्यातल्या पार्लरवाल्या बायकांची बैठक बोलावली आहे. भाषण ठेवलेलं नाही. प्रत्येकीनं आपल्या दुकानातल्या क्रीमच्या डब्या बरोबर आणायच्या, लेबल असलेल्या आणि नसलेल्याही. कुठून घेतल्या, कितीला घेतल्या, गिऱ्हाईक काय म्हणून मागतं, हे लिहून काढायचं. लेबल नसलेल्या डब्या आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारीसह देणार आहोत. तक्रार पुरवठादाराविरुद्ध असेल, दुकानदार बाईविरुद्ध नाही, एवढं आधीच ठरवून घेतलं आहे. बाकीच्या जिल्ह्यांतल्या गटांनीही असं केलं तर डब्यांवरची नावं आणि पुरवठादार जुळवून बघता येतील.